तोरणाखालचा अर्धा गिलास

सुभद्राबाईच्या लग्नाला तीसहून जास्त वर्षं झाली, केस पांढरे झाले, दोन्ही लेकी नांदायला गेल्या, तरी रिंगणखेडात तिची ओळख ‘हिप्पीची बायको’ हीच राहिली. आणि ज्याला हिप्पी म्हणत त्या भगवंतरावानं इतक्या वर्षांत विडी ओढली नव्हती की सुपारीचं खांड तोंडात टाकलं नव्हतं. डोक्याला टक्कल, अंगात पांढरा सदरा, पहाटे उठून वांग्याच्या नाहीतर कपाशीच्या वावरात जाणारा साधा माणूस. पण गावाला एकदा एखादं नाव सापडलं की गाव ते सोडत नाही. सोडलं तर त्या माणसाकडे नव्यानं बघावं लागतं, आणि एवढे कष्ट घेतो कोण?

नाव उगाच पडलं नव्हतं, हे तिलाही मान्य होतं. सत्तर साली भगवंता अकोल्याला कॉलेजात शिकत होता. एकदा शेगावच्या स्टेशनावर त्याला गोऱ्या पोरापोरींचा घोळका भेटला. लांब केस, अनवाणी पाय, एकाच्या गळ्यात गिटार. त्यांची गाडी चुकली होती. भगवंता त्यांना महाराजांच्या प्रसादाला घेऊन गेला, आणि दुसऱ्या दिवशी घरी न सांगता त्यांच्याबरोबर गोव्याला निघून गेला. बापानं महिनाभर विहिरी धुंडाळल्या.

गिटारवाल्याचं नाव ग्लेन. त्याच्या सरकारनं त्याला लढाईवर बोलावलं होतं, तर पठ्ठ्यानं ते बोलावणं चौकात जाळलं आणि देश सोडला. समुद्राकाठी ही सगळी मंडळी लढाईविरुद्ध गाणी म्हणायची, नाचायची, आणि नखाएवढा कागदाचा तुकडा जिभेवर ठेवून आभाळात जायची. भगवंतानंही तो दोनदा ठेवला. पहिल्यांदा त्याला समुद्र श्वास घेताना दिसला आणि बापाचा चांद्या बैल लाटांवरून चालत त्याच्याकडे आला. दुसऱ्यांदा मात्र तो भीतीनं अर्धमेला झाला. सगळी वाळू त्याला गिळायला उठली होती. तेव्हा ग्लेननं त्याचा हात धरला आणि सांगितलं, जे दिसतंय त्याच्याशी भांडू नकोस, एक आवाज धर आणि तो सोडू नकोस. पलीकडे कोणीतरी ढोलकं वाजवत होतं. भगवंतानं ते धरलं आणि सकाळी शाबूत उठला. त्यानंतर तो कागद त्यानं कधी हातात घेतला नाही. आठ महिन्यांनी तो परत आला तो खांद्यावर केस आणि पाठीला गिटार घेऊन. केस बापानं त्याच दिवशी कापून टाकले. गिटार राहिली.

पुढे बहात्तरचा दुष्काळ आला. सुभद्रा तेव्हा सतरा वर्षांची, सरकारी दुष्काळी कामाच्या खडी केंद्रावर बसून दगड फोडायची. खायला जहाजातून आलेली लाल ज्वारी. तिची भाकर थापताना फुटायची आणि पोटात गेल्यावर दुखायची. आणि मुकादमाच्या घरी मात्र पांढऱ्या ज्वारीची पोती उतरत. हे सगळ्यांना दिसत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. एका दुपारी हा हडकुळा पोरगा गिटार घेऊन खडीच्या ढिगावर बसला आणि म्हणू लागला:

खडी फोडनाऱ्याले लाल जवारी,
न फोडनाऱ्याच्या घरी पांढरी सारी.

दोनच ओळी. पण चार दिवसांत ओळीनं बसलेल्या बाया हातोडीच्या ठेक्यावर त्या म्हणू लागल्या. सुभद्राही म्हणायची. पाचव्या दिवशी पोलीस आले. गाणं कुणी खोटं ठरवलं नाही, मुकादमाच्या घरची पोती कुणी मोजली नाहीत. भगवंताच्या पिशवीतून गांजाची पुडी निघाली. ती कुणी ठेवली हे केंद्रावरच्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. पण त्या दिवसापासून त्या दोन ओळी गांजेकसाच्या बडबडीत जमा झाल्या आणि पोती उतरतच राहिली. भगवंता सुटून आला तेव्हा गिटार ठाण्यात फुटली होती. सुभद्रानं घरी सांगितलं, लग्न करीन तर याच्याशी. त्याचा तिला अभिमान होता, आजही होता.

हे सगळं आठवायचं कारण गुलाबराव.

गुलाबराव रिंगणखेडचाच. त्याचं वरवट बकालला कृषी केंद्र होतं, दारात जीप होती. त्या साली सगळीकडे बीटी कपाशीचं वेड होतं. असलेल्या बियाण्याच्या नावानं नसलेलं बियाणंही खपत होतं. गुलाबरावानं गावात घरोघरी पाकिटं दिली. पाकिटावर मुठीएवढं फुटलेलं बोंड. झाडं आली, डोक्याएवढी वाढली, हिरवीगार, बघत राहावी अशी. फक्त त्यांना पात्या, म्हणजे फुलाआधीच्या कळ्या, धरेनात. फुलोऱ्याचे दिवस निघून गेले तरी फुलाचं नाव नाही. गावानं आधी पावसाला दोष दिला, मग खताला, मग एकमेकांच्या हाताला. ज्यांनी दुसऱ्या दुकानाची पाकिटं पेरली होती त्यांची शेतं पांढऱ्या-गुलाबी फुलांनी भरली तेव्हा कुठे डोळे उघडले. गुलाबराव म्हणाला, तुमची फवारणी चुकली. लोक कृषी अधिकाऱ्याकडे गेले तर साहेब मीटिंगात. परत गेले तर साहेब दौऱ्यावर. साहेबांना भेटायचं भाग्य फक्त गुलाबरावाच्या जीपला होतं.

आणि मग पोळा आला.

रिंगणखेडात पोळ्याला बैल तोरणाखाली उभे राहिले की झडत्या म्हणायची रीत आहे. झडती म्हणजे चार ओळींचं खणखणीत सवाल-जबाबाचं गाणं. त्यात सावकारालाही सोडत नाहीत आणि सरकारलाही. ज्याच्यावर झडती पडली त्यानं झडतीनंच उत्तर द्यायचं. उत्तर आल्याशिवाय तोरण तुटत नाही, आणि तोरण तुटल्याशिवाय बैल हलत नाहीत. म्हणून पोळ्याच्या दिवशी गावात कुणालाही दौऱ्यावर जाता येत नाही. आणखी एक रीत अशी, की झडती म्हणणाऱ्यानं आधी समोरच्याच्या हातचं गूळपाणी प्यायचं, म्हणजे शब्दांत कितीही धार असली तरी मनात वैर नाही. अर्धा गिलास प्यायचा, अर्धा तोरणाखाली ठेवायचा. उत्तर देणाऱ्यानं त्यातलाच घोट घ्यायचा, आणि शेवटी उरलेलं बैलांच्या पायावर ओततात.

त्या वर्षी गुलाबरावानं पोळ्याचा सगळा खर्च अंगावर घेतला. आंब्याच्या पानांच्या तोरणामागे मोठा फलक लागला, त्यावर तेच मुठीएवढं बोंड. माईक आला, मांडव आला, आणि मांडवात प्रमुख पाहुणे म्हणून खुद्द कृषी अधिकारी आले. एरवी न सापडणारा माणूस आज गावासमोर खुर्चीत बसणार होता. भगवंतरावाच्या डोळ्यांत बऱ्याच वर्षांनी चमक आली. आठवडाभर तो वांगी तोडता तोडता झडती घोळवत होता. सुभद्राबाईला ती ऐकून ऐकून पाठ झाली होती.

“साहेबाले आज उठून जाता येनार नाई,” तो म्हणाला. “झडती झाली का त्याले इचाराच लागन, का बाबा, झाडाले पाती काऊन नाई. येवढंच पाह्यजे मले. गावासमोर येक डाव इचारलं पाह्यजे.”

“मंग निंघा,” सुभद्राबाई म्हणाली. “अन् सदरा बदला. हिप्पी म्हनतीन.”

दोघंही हसले. त्या हसण्याचा तिला पुढे फार राग आला.

बैल जमायच्या आधीच गुलाबरावानं भगवंतरावाला तोरणाखाली बोलावलं. हातात स्टीलचा गिलास. “काका, झडती माह्यावरच हाय म्हने. मंग माह्या हातचं घ्या. यंदा गूळपानी नाई, आपल्याकून थंडाई हाय. केशर, इलायची, समदं टाकेल हाय.”

भगवंतराव रीतीला पक्का. अर्धा गिलास प्याला, तोंड जरा वाकडं केलं आणि उरलेला तोरणाच्या खांबाशी ठेवला. सुभद्राबाई मारुतीच्या ओट्यावर बायांमध्ये बसून हे बघत होती. तिच्या मनात काही आलं नाही. माणूस रीतीचं पाणी पितो, त्यात येणार काय?

मग गुलाबरावाचं भाषण सुरू झालं. बैलांच्या शिंगांवरचे बेगड उन्हात तापले, झुली सरकल्या, तरी भाषण संपेना. आधुनिक शेती, नवं तंत्रज्ञान, साहेबांचं मार्गदर्शन. साहेब मान हलवत होते. आता तिला कळतं, तो वेळ काढत होता.

वरवट बकालच्या बँडचा फारुख ताशा घेऊन तोरणाशेजारी उभा होता. हा भगवंतरावाचा खडी केंद्रापासूनचा दोस्त. भगवंतराव हळूच त्याच्याजवळ सरकला आणि त्याचा दंड धरला.

“फारुख, मले पाजलं काहीतरी. तोंड कोरडं पडून राह्यलं. तुहं तोंड दिसत नाई मले, पांढरं पांढरं होऊन राह्यलं. गोव्यासारखं वाटते, पन हे ते नाई. हे घान हाय.”

फारुखनं त्याचे डोळे पाहिले. बाहुल्या इतक्या मोठ्या झाल्या होत्या की डोळ्यांत दुसरा रंगच उरला नव्हता. तो ताशा तसाच गळ्यात घेऊन ओट्याकडे धावत आला.

“वहिनी, याईले धोतरा देल्ला कोनं तरी. आमच्या मामूले येक डाव असंच पाजलं होतं लग्नात. लवकर दवाखान्यात न्या लागते. टेम्पो काहाडतो मी.”

तो टेम्पो आणायला वळला, तोवर तिकडे माईकवरून पुकारा झाला. “आता आपले लाडके झडतीवाले, भगवंतकाका!”

भगवंतराव तोरणाखाली गेला. त्याला वाटलं असेल, शुद्ध आहे तेवढ्यात म्हणून टाकू. त्यानं पहिली ओळ म्हटली, “पाकिटावर बोंड अन्...” आणि थांबला. मग समोरच्या मोकळ्या जागेत बघून म्हणाला, “चांद्या, इकडे ये बेटा. पान्यातून बाहेर ये.” चांद्या मरून तीस वर्षं झाली होती. भगवंतरावानं हवेतच त्याची वेसण धरली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागला. सदऱ्याची बटणं तोडू लागला. अंग तव्यासारखं तापलेलं, चेहरा लालबुंद.

आधी एक जण हसला. मग गाव हसलं.

“हिप्पीकाकाचं इमान आज लवकरच उडालं,” गुलाबराव माईकवर म्हणाला. “साहेब, माफ करा बरं. आमच्या गावातले जुने गांजेकस हायेत. यायची तक्रार असते का बियाण्यात दोस हाय.” साहेबांनी रुमाल तोंडाशी धरला आणि तेही हसले.

सुभद्राबाईच्या कानात हातोडीचे घाव पडू लागले. तीच युक्ती. तीस वर्षांत यांना दुसरी सुचलीसुद्धा नाही. गाणं खोटं आहे असं यांच्या बापाच्यानं म्हणवत नाही, म्हणून गाणाऱ्याला नशेत ढकलायचं. आणि हे हसणारे कोण? ज्यांच्या वावरात वांझोटी कपाशी उभी आहे तेच. ज्यांनी काल संध्याकाळी दारात येऊन, “काका, झडती जोरात म्हना बरं,” असं सांगितलं तेच. तिला गुलाबरावापेक्षा यांचीच चीड जास्त आली.

ती ओट्यावरून उतरली. बाया कधी तोरणाखाली जात नाहीत. शेजारी बसलेल्या मंजुळाबाईनं तिचा पदर धरला, तो तिनं सोडवून घेतला. आधी ती नवऱ्याजवळ गेली, त्याला खांबाला टेकवून बसवलं. फारुख टेम्पोसाठी माणूस धाडून परत आला होता. तिनं त्याला सांगितलं, “फारुखभाऊ, टेम्पो येईलोक ताशा वाजवा. येकच ठेका. सोडू नोका. यायले आवाज पाह्यजे धराले.”

फारुखनं काड्या उचलल्या. संथ, सरळ ठेका सुरू झाला. भगवंतरावाचे बटणं तोडणारे हात हळूहळू थांबले आणि मांडीवर त्या ठेक्यात पडू लागले. तेवढ्या वेळात तिनं खांबाशी ठेवलेला गिलास उचलला, तोरणाच्या मधोमध उभी राहिली, आणि माईकशिवाय, खडी केंद्रावर ढिगाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा तो आवाज लावला:

पाकिटावर बोंड अन् पाकिटावर रुई,
वावरातल्या झाडाले पातीबी नाई.
बी इकलं कोनं अन् पेरलं कोनं,
खरं सांग गुलाबराव, गावाच्या सामनं.

हसणं बंद झालं. ताशा चालूच होता. ही झडती भगवंतरावाची. पण सुभद्राबाईचं पोट तेवढ्यानं भरलं नव्हतं. पुढची तिला उभ्या उभ्या सुचली:

खोटं हाय गानं असं कोनी नाई म्हनत,
गानाऱ्याले पाजून मंग बसतेत हासत.
घे आता माह्या हातचं, म्या काही नाई टाकलं,
तुह्याच हातचं अर्धं हे तोरनाखाली राखलं.

तिनं गिलास पुढे केला. “रीत हाय, गुलाबराव. समोरच्याच्या हातचं प्या लागते. मंग उत्तर दे.”

गुलाबरावाचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्याच्या डोक्यात सगळं होतं, केशर होतं, वेलची होती, माईक होता, साहेब होते. तोरणाखाली राहणारा अर्धा गिलास तेवढा विसरला होता. दुकान वरवटला, मुक्काम वरवटला, गावाची रीत त्याला खर्च करण्यापुरतीच आठवत होती.

“बायामानसाची झडती आमी धरत नाई,” तो म्हणाला.

“धरू नोको. थंडाई तं पे.”

“उष्टी हाय ते.”

“दरसाल उष्टीच असते,” गर्दीतून कुणीतरी म्हणालं. आवाज बारीक होता, पण होता.

गुलाबराव तोरणाच्या मानकऱ्याकडे वळला. हे शालिग्रामबुवा, गावातले सगळ्यात म्हातारे. त्यांनी काठी मारली की तोरण तुटतं. त्यांच्या डोक्याला आज गुलाबरावानंच बांधलेला नवा फेटा होता. “बुवा, ऊन तापलं, बैल तहानले. तोडा तोरन, चाला.”

शालिग्रामबुवांनी काठी उचलली. सुभद्राबाई गिलास तसाच पुढे धरून उभी राहिली. म्हाताऱ्यानं खांबाशी बसलेल्या भगवंतरावाकडे पाहिलं. त्याचा एक हात मांडीवर ठेका धरत होता, दुसरा अजून हवेतल्या बैलाला कुरवाळत होता. बुवांनी काठी खाली ठेवली, फेटा काढून काठीवर टाकला.

“उत्तर दे, गुलाब,” ते म्हणाले. “मंग तोडतो.”

गुलाबरावानं उत्तर दिलं नाही. तो जीपकडे निघाला. त्याच्यामागून साहेबही निघाले, पण मांडवाच्या तोंडाशी बैलांची रांग उभी होती आणि कुणी कासरा ओढून वाट करून देईना. साहेबांना आपला चकचकीत बूट शेणात घालून मागच्या काट्यांतून जावं लागलं. त्यांना कोणी शिवी दिली नाही. नुसतं सगळ्यांनी बघितलं.

टेम्पो आला. सुभद्राबाई नवऱ्याला घेऊन मागे बसली, एका हातानं त्याचं डोकं मांडीवर धरून, दुसऱ्या हाताचा तळवा गिलासावर दाबून. फारुख दवाखाना येईपर्यंत टेम्पोच्या पत्र्यावर ठेका वाजवत राहिला.

तालुक्याच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं उपचारात कसूर केली नाही, हे सांगायला हवं. नळी घातली, पोट धुतलं, सलाईन लावलं, थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. रात्रभर भगवंतराव बडबडत होता. उजाडता उजाडता त्याला शांत झोप लागली. डॉक्टर म्हणाला, धोका टळला. सुभद्राबाईनं त्याला हात जोडले.

मग तो खाटेजवळच्या टेबलाशी बसून केसपेपर लिहू लागला. ती जवळ जाऊन उभी राहिली. सातवीपर्यंत शिकलेली होती, वाचता येत होतं. त्यानं लिहिलं होतं: नशेचं व्यसन, जुनं.

“हे कोनं सांगतलं तुमाले?”

“सकाळी गावातून फोन आला होता, आजी. गुलाबराव म्हणून आहेत कोणी. म्हणाले, यांना सवय आहे, तरुणपणापासून. हिप्पी होते म्हणे.” डॉक्टर पुण्याकडचा होता, बोलणं गोड होतं. “त्यात काही वाईट वाटून घेऊ नका. आम्हाला हिस्टरी लिहावी लागते.”

“हिस्टरी मी सांगतो, लिहा,” सुभद्राबाई म्हणाली. “या मानसानं तरुणपनी दोन डाव येक कागद जिभीवर ठेवला होता. त्याच्या मंग कधी काही खाल्लं नाई, पेलं नाई. गान्यापाई याच्या पिसोडीत गांजा ठेवला येका मुकादमानं. अन् काल गान्यापाईच धोतरा पाजला. हा गिलास. तळाशी पाहा.”

डॉक्टरनं गिलास उजेडात धरला. तळाशी केशराच्या काड्यांखाली वाटलेल्या बियांचा चोथा बसला होता. त्यात दोन-तीन बिया अख्ख्याच राहिल्या होत्या, चपट्या, पिवळट. त्याचा चेहरा बदलला. त्यानं तो गिलास जपून कपाटात ठेवला.

“मी धोतरा असं लिहितो,” तो म्हणाला. “पण कोणी पाजला वगैरे आम्ही नाही लिहीत. नाव लिहिणं माझ्या अधिकारात नाही, ते पोलिसांचं काम आहे.”

“मंग पोलीस बलावा.”

“आजी, तुम्ही पेशंटला घरी न्या. शांत व्हा. उगाच कशाला गावात वैर?”

आता मात्र तिच्या रागाला वाट मिळाली. “वैर? पाजनाऱ्यानं वैर नाई केलं अन् म्या इचारलं तं वैर? येका ठान्यात यायले गांजेकस लिहिलं, तं तीस वरस लेकीबायीनं ऐकलं, हिप्पीच्या पोरी म्हनून. तवा मी सतरा वरसाची होतो, मले कोनाले थांबवता आलं नाई. आता मी इथंच थांबलो हाय. जिवंत मानसाले तुमी व्यसनी लिहान अन् मी सही देऊन घरी जाईन, असं होनार नाई.”

ती खोलीच्या दारात उंबऱ्यावर जाऊन बसली. बाहेर तपासणीसाठी लोकांची रांग लागली होती. आतला माणूस तिला ओलांडल्याशिवाय बाहेर जाऊ शकत नव्हता, आणि म्हाताऱ्या बाईला ओलांडून जायची डॉक्टरची हिंमत होईना. शिपाई आला, “मावशी, उठा बरं,” म्हणाला. तिनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. फारुख तिच्या शेजारी बाहेरच्या बाजूनं मांडी घालून बसला. रांगेतल्या बायांनी काय झालं ते त्याला विचारलं आणि त्यानं सांगितलं, पहिल्यापासून, पाकिटावरच्या बोंडापासून. बायांनी आपले नंबर धरून तिथंच बैठक मारली.

बराच वेळ गेला. डॉक्टरनं पेन उचललं. ‘नशेचं व्यसन’ या शब्दांवर रेघ मारली, खाली ‘विषबाधा, धोतरा, दुसऱ्याने पाजल्याचं पत्नीचं म्हणणं’ असं लिहिलं, आणि कागद तिला दिसेल असा वर धरला. मग फोन ओढून पोलीस ठाण्याचा नंबर फिरवला. पलीकडून कुणीतरी त्याला थांबायला सांगितलं असावं. तो रिसीव्हर कानाला लावून थांबला.

आवाजानं भगवंतराव जागा झाला होता. डोळे अजून तांबडे, ओठ फुटलेले, पण नजर जागेवर. त्यानं छताकडे पाहिलं, सलाईनकडे पाहिलं, आणि मग दारात बसलेल्या बायकोकडे.

“सुभद्रे, झडती झाली काय?”

“झाली.”

“मले काही आठोत नाई. म्या म्हटली?”

“म्या म्हटली.”

त्यानं डोळे मिटले. तिला वाटलं झोपला. “तोरन तुटलं?” त्यानं विचारलं.

रिंगणखेडातून पहाटे आलेल्या टेम्पोवाल्यानं फारुखला सांगितलं होतं. लोकांनी बैल मागच्या गल्लीनं घरी नेले, आजवर असं कधी झालं नव्हतं. तोरण तसंच टांगलेलं होतं, मागे ते मुठीएवढं बोंड, आणि शालिग्रामबुवा रात्रभर खांबाशी घोंगडी टाकून बसले होते.

सुभद्राबाईनं फोन धरून बसलेल्या डॉक्टरकडे पाहिलं.

“नाई,” ती म्हणाली. “उत्तर येनं बाकी हाय अजून.”